म्हातारपणाची काठी

नवी सून वाकून नमस्कार करते. म्हातारी माणसं तोंड भरून आशीर्वाद देतात, "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव." म्हणजे काय? तर तुला आठ मुलगे होवोत.

आज हा आशीर्वाद कुणी मनावर घेत नाही. सून गालात हसते आणि पुढे जाते. पण त्यामागचा विचार अजून पुष्कळांच्या मनात आहे. तो विचार असा : लेकरं जास्त, त्यातून मुलगे जास्त, तर म्हातारपण सुखाचं. एकाने पाहिलं नाही तर दुसरा पाहील. दुसऱ्याने पाहिलं नाही तर तिसरा आहेच. मुलगा ही म्हातारपणाची काठी. मग काठ्या जितक्या जास्त, तितका आधार जास्त!

हे खरं आहे का? आज आपण याचा हिशेब करू. मी जन्मभर शाळेत मुलांकडून गणितं सोडवून घेतली. हे गणित मात्र मोठ्या माणसांचं आहे. घरात बसून, बायकोमुलांसह करायचं आहे.

पूर्वीचे लोक असं का म्हणत?

पूर्वीचे लोक वेडे नव्हते. त्यांच्या बोलण्याला कारण होतं. 1951 च्या सुमाराला आपल्या देशात हजार मुलं जन्मली, तर त्यांतली जवळजवळ दीडशे मुलं वर्षाच्या आत दगावत. म्हणजे सातांत एक. पुढे देवी, गोवर, हगवण, हिवताप यांत आणखी जात. आठ झाली तर चार-पाच हाताशी लागत. म्हणून लोक आठ मागत.

आता काय आहे? लसी आल्या. बाळंतपण दवाखान्यात होऊ लागलं. 2020 साली महाराष्ट्रात हजार बाळांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची संख्या 16 वर आली होती. म्हणजे जन्मलेलं मूल बहुधा जगतं. दोन झाली तर दोन्ही मोठी होतात.

दुसरीही एक गोष्ट बदलली. स्वातंत्र्य मिळालं त्या काळात माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आता ते सत्तरच्या आसपास आहे. साठीला पोचलेला माणूस सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षं जगतो. म्हणजे म्हातारपण लांबलं. पूर्वी फार थोडे लोक सांभाळायची वेळ येईपर्यंत जगत. आता बहुतेक जण जगतात. चार दिवसांची सेवा वेगळी आणि अठरा वर्षांचा सांभाळ वेगळा. एवढ्या लांब वाटेला शिदोरीही तशीच हवी.

जमिनीचा हिशेब

समजा, एका घरी बारा एकर जिरायत जमीन आहे. घरधन्याला आपण अप्पा म्हणू. अप्पांना सहा मुलगे. वाटणी झाली. प्रत्येकाला किती आलं? दोन एकर.

दोन एकर जिरायतीवर एका संसाराचं भागतं का? नाही भागत. मग थोरला कारखान्यावर ऊसतोडीला जातो. दुसरा पुण्याला वॉचमन होतो. तिसरा मुंबईला जातो. धाकटा गावात राहतो, पण तो स्वतःच कर्जात. त्याच्या ताटातली भाकर तो आईबापांना कुठून देणार? मन असलं तरी हात रिकामा असतो. अप्पांना सहा मुलगे, पण संध्याकाळी दिवा लावायला घरात एकच जण. तोही पोटाच्या काळजीत.

ही नुसती गोष्ट नाही. सरकारने शेतजमिनीची मोजदाद केली आहे. 1970-71 साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी साडेदहा एकर जमीन होती. 2015-16 साली ती सव्वातीन एकर उरली. जमीन काही आटली नाही. ती वाटली गेली. बापाचे वाटे मुलांत झाले, मुलांचे नातवांत.

पैशाचंही तसंच. माणूस चाळीस ते साठ या वयात दोन पैसे बाजूला टाकू शकतो. पण घरात सहा लेकरं असतील तर तीच वर्षं वह्या, फिया, आजारपण, लग्नं यांत जातात. साठी येते तेव्हा हातात उरतं ते सावकाराचं देणं. उलट, त्या वीस वर्षांत कुणी महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकले, तर मुद्दलच एक लाख वीस हजार होतं. व्याज वेगळं. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं. पण थेंब उरला तर पाहिजे ना?

आईच्या अंगाचा हिशेब

हा हिशेब पुरुष फारसा करत नाहीत. म्हणून तो मुद्दाम मांडतो.

प्रत्येक बाळंतपण आईच्या अंगातून काहीतरी घेऊन जातं. दोन बाळंतपणांत अंतर नसेल तर अंगातलं रक्त भरून येत नाही. त्यात पोटाला पुरेसं नाही. बाळंतीण महिनाभरात डोक्यावर हंडा घेते, पाठीवर मोळी घेते. तरुणपणी हे निभावतं. पण पन्नाशी-साठीला अंग बोलू लागतं. पुष्कळ बाळंतपणं झालेल्या बाईचं अंग बाहेर येण्याचा धोका जास्त असतो. लघवी थांबत नाही. कंबर धरते. बाई लाजेपोटी कुणाला सांगत नाही. देवळात, लग्नात जायची टाळते. लोक म्हणतात, म्हातारी चिडचिडी झाली. अहो, चिडचिडी नाही, ती आजारी आहे. यावर दवाखान्यात उपाय असतो. तिला घेऊन जा.

आणि पाहा, घरात बहुधा नवरा वयाने मोठा असतो. तो आधी जातो. मागे बाई उरते. म्हणजे म्हातारपण जास्त भोगायचं ते तिनेच. तिचंच अंग आधी पोखरलं, तर आठ मुलगे असून तिला काय सुख?

सगळ्यांचं काम, कुणाचंच नाही

आपल्याकडे म्हण आहे, बारभाईंची शेती, काय लागेल हाती. जे शेताचं, तेच म्हाताऱ्यांचं.

एका घरी दोन भाऊ वेगळे निघाले. भांडी वाटली, बैल वाटले, विहिरीचं पाणी वाटलं. मग आईबाप वाटले. पंधरा दिवस थोरल्याकडे, पंधरा दिवस धाकट्याकडे. याला पाळी म्हणतात. आता सांगा, महिना 31 दिवसांचा असला तर 31 तारखेला म्हाताऱ्यांनी जेवायचं कुणाकडे? थोरली म्हणते, माझे पंधरा झाले. धाकटी म्हणते, माझेही पंधरा झाले. म्हातारा-म्हातारी ओसरीवर बसतात. भूक नाही म्हणतात आणि तांब्याभर पाणी पिऊन निजतात.

कुठे याहून वाईट होतं. बाप थोरल्याकडे, आई धाकट्याकडे. ज्यांनी पन्नास वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, ते दोघे म्हातारपणी एकमेकांना देवळात भेटतात. "जेवलात का?" एवढं विचारतात आणि परत फिरतात. खाणंपिणं मिळतं, पण काळीज रिकामं राहतं.

औषधपाण्याचंही तेच. आईला मोतीबिंदू झाला. चार मुलगे. पहिला म्हणाला, दुसरा शहरात आहे, तो करील. दुसरा म्हणाला, घर तिसऱ्याने घेतलं, त्याने करावं. तिसऱ्याने चौथ्याकडे बोट दाखवलं. चौथा म्हणाला, मी काय एकटाच मुलगा आहे? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फुकट होते. प्रश्न पैशाचा नव्हताच. सोबत कुणी जायचं, हा प्रश्न होता. म्हातारी भिंत धरून चालत राहिली.

या मुलांत वाईट कोणी नव्हतं. एकटा असता तर कुणीही नेलं असतं. पण चौघे होते म्हणून प्रत्येकाला वाटलं, दुसरा आहे. काठ्या चार होत्या, पण हातात एकही आली नाही.

मग एकच लेकरू असलं की झालं?

इथे घाई करू नका. नाण्याला दुसरी बाजू आहे.

आता महाराष्ट्रात लोक थोडीच मुलं होऊ देतात. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या पाहणीत एका बाईमागे सरासरी दोनांहूनही कमी मुलं आढळली. ही लेकरं शिकतात. शिकली की शहरात जातात, कुणी परदेशी जातात. गावात मोठं घर आणि त्यात दोन म्हातारी माणसं. पैसे येतात, फोन येतो. पण रात्री छातीत दुखलं तर गाडी कोण बोलावणार? एका काठीला तडा गेला, तर दुसरी नाही. आणि जे एकच मूल आहे त्याचाही विचार करा. आपले आईबाप, बायकोचे आईबाप, आपली मुलं. सगळा भार दोघांच्या खांद्यावर.

शेजारच्या चीन देशाने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं. तिथे सुमारे 1980 पासून 2015 पर्यंत बहुतेक जोडप्यांना, विशेषतः शहरांत, एकच मूल होऊ देण्याचा कायदा होता. पुढे अशी घरं झाली की एक जोडपं आणि त्यांच्यावर चार म्हातारी माणसं. 2013 साली तिथे कायद्यात लिहावं लागलं की मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना भेटायला जावं. 2016 पासून दोन मुलांना आणि 2021 पासून तीन मुलांना तिथे मोकळीक मिळाली. यातून शिकायचं ते एवढंच : नुसती संख्या कमी केली म्हणजे म्हातारपण सुखाचं होत नाही आणि नुसती वाढवली म्हणजेही होत नाही.

मग म्हातारपण कशावर चालतं? पाच गोष्टींवर. आपल्या अंगातली ताकद. आपल्या हातातले दोन पैसे. पोरांना दिलेलं शिक्षण. त्यांना लावलेला लळा. आणि कुणी काय करायचं याची उघड बोली. थोडी मुलं असली तर या पाच गोष्टी साधायला सोप्या जातात. आपोआप मात्र साधत नाहीत.

लेक मोजलीत का?

कुणाला विचारा, "मुलं किती?" तो सांगतो, "दोन." मग हळूच म्हणतो, "आणि तीन मुली." म्हणजे पाच झाली की नाही? पण मोजायची दोनच!

मुलगा हवा म्हणून किती घरांत चार-चार, पाच-पाच बाळंतपणं झाली, ते तुम्ही पाहिलं आहे. आणि आजारी आईच्या उशाला येऊन बसते कोण? बहुधा लेकच. तिला बोलवायला मात्र आपण लाजतो. लेकीच्या दारात कसं राहायचं, म्हणतो. का नाही राहायचं? तिला काय तुम्ही कमी कष्टांनी वाढवलं?

कायद्याने तर हा भेद कधीच काढून टाकला. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न झालेल्या लेकीवरही आईबापांना पोसण्याची जबाबदारी आहे. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली साऱ्या देशाने वारशाचा कायदा बदलला. हिंदू कुटुंबात वडिलार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला. हक्क आला तशी जबाबदारीही आली. पण आपण काय करतो? तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो आणि मग म्हणतो, लेक काय, परक्याचं धन. लेकीला वाटाही द्या आणि जबाबदारीही द्या. काठी बाभळीची असो की सागाची, टेकायला बळकट असली म्हणजे झालं.

काय करावं?

तरुण जोडप्यांनो, आधी तुमच्यासाठी.

1. लेकरं तेवढीच होऊ द्या, जेवढ्यांना पोटभर खाऊ घालता येईल आणि शिकवता येईल. दोन लेकरांत किमान तीन वर्षांचं अंतर ठेवा. मुलगा हवा म्हणून मोजणी लांबवू नका.

2. शस्त्रक्रिया बाईनेच करून घ्यावी असं नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असते. ताकद जात नाही. घाबरू नका.

3. पहिल्या लेकराबरोबरच आपल्या म्हातारपणासाठी पोस्टात किंवा बँकेत एक खातं काढा. थोडं टाका, पण दर महिन्याला टाका.

4. तुमचे आईबाप घरात असतील तर त्यांच्याशी नीट वागा. तुमची पोरं पाहत असतात. ती पुस्तकातून कमी शिकतात, ओसरीवरून जास्त शिकतात.

आता वडीलधाऱ्या माणसांनो, तुमच्यासाठी.

1. हयातीत सगळं नावावर करून मोकळे होऊ नका. दोघांचं पोट भरेल एवढं तरी आपल्याजवळ ठेवा. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की घरातला मान जाताना कित्येकांनी पाहिला आहे.

2. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात स्पष्ट लिहून घ्या की, आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहोत. हे एक वाक्य फार मोलाचं आहे.

3. वाटणीच्या दिवशी सगळ्या लेकरांना, लेकींनाही, एकत्र बसवा. दवाखान्यात कोण नेणार, औषध कोण आणणार, पैसा कोण किती देणार, ते ठरवा आणि कागदावर लिहा. एकाने भाकर द्यावी, दुसऱ्याने औषध, तिसऱ्याने पैसा. पण दोघांची ताटातूट करू नका, हे ठणकावून सांगा.

4. सुनेला सतत टोचून बोलू नका. तुमच्या तोंडात घास जायचा तो तिच्या हातून.

सरकारचा आणि कायद्याचा आधार

घरची काठी मोडली तरी माणूस अगदी निराधार नाही. ही माहिती नीट वाचा. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्यालाही सांगा.

श्रावणबाळ योजना : महाराष्ट्रात 65 वर्षं पुरी झालेल्या गरीब स्त्रीपुरुषांना दरमहा मदत मिळते. 2023 पासून ती 1500 रुपये आहे. कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असावं लागतं. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचं पुस्तक घेऊन तहसील कचेरीत अर्ज करावा. मुलगे असले की मदत मिळतच नाही, असं समजून घरी बसू नका. कचेरीत जाऊन विचारा.

दवाखान्याचा खर्च : 2024 पासून 70 वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान कार्ड काढता येतं. त्यावर घरटी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या दवाखान्यांत फुकट होतात. इथे उत्पन्नाची अट नाही.

2007 चा कायदा : आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या सांभाळासाठी हा कायदा झाला. ज्यांना स्वतःच्या कमाईवर किंवा मिळकतीवर जगता येत नाही असे आईबाप मुलगा, मुलगी किंवा सज्ञान नातू-नात यांच्याकडून पोटगी मागू शकतात. अर्ज प्रांतसाहेबांच्या कचेरीतल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. वकील लागत नाही. मुलांना नोटीस पोचल्यापासून साधारण 90 दिवसांत निकाल द्यावा, असं कायदा सांगतो. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. आईबापांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

लातूर जिल्हा परिषदेने 2020 साली याच्याही पुढे पाऊल टाकलं. जो कर्मचारी आईबापांना सांभाळत नाही, त्याच्या पगारातून 30 टक्के कापून ते आईबापांच्या खात्यात भरावे, असा ठराव केला. पुढच्या वर्षी काही जणांचा पगार असा खरोखर कापलाही गेला.

अडचणीत कुणाला विचारावं हे कळत नसेल तर 14567 हा नंबर लावा. ही वृद्धांसाठीची मदत फोनवर फुकट मिळते.

पण एक ध्यानात ठेवा. कायदा पोटगी देईल. "आई, तुला आज बरं वाटतंय का?" हे कायदा विचारणार नाही. ते विचारणारं माणूस घरातच घडावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. दोन लेकरं असली तर प्रत्येकाला जवळ घेऊन बसायला आईबापांना सवड मिळते. आठ असली तर नावं हाक मारतानाही चुकतात.

म्हणून काठ्या मोजू नका. आहे ती काठी बळकट करा. तिला ऊन-पाऊस लागू देऊ नका, तेलपाणी करा. आणि चार पावलं आपली आपल्याला चालता येतील, एवढं बळ स्वतःच्या पायांतही ठेवा.

आपसांत बोला

1. पूर्वीच्या लोकांना जास्त मुलं का हवी वाटत? ते कारण आज उरलं आहे का?

2. तुमच्या आजोबांची जमीन किती होती? आज तुमच्या वाट्याला किती आली? कागदावर मांडून पाहा.

3. आपल्या गावात पाळीने जेवणारी म्हातारी माणसं किती आहेत? त्यांतली कोणती नवराबायको वेगवेगळ्या घरी राहतात?

4. श्रावणबाळ योजनेचा अर्ज कुणाला भरायचा राहिला आहे? तुमच्यापैकी कोण तो भरून देईल?